देगीचा लाल तळ

‘‘आधी जेवण, मग प्रार्थना!’’

मठ वसवणाऱ्या म्हाताऱ्या फादरांचा हा आवाज अजून माझ्या तांब्यात घुमतो, मित्रांनो. मी एक जुनी देग आहे, जत्रेचं जेवण रांधायचं तांब्याचं मोठं भांडं. गौलीगुड्याच्या कारागिरांनी ठोकून ठोकून मला घडवलं. बैलगाडीतून मी हैदराबादबाहेरच्या या गावी आले, आणि माझ्या शेजारी पेंढ्यात गुंडाळलेली मरियामातेची लाकडी मूर्ती आली. तेव्हा मठ म्हणजे ताडाच्या झावळ्यांची खोप. ब्रदरांनी विहीर खणली. दुष्काळातही ती आटली नाही, तेव्हा लोक म्हणाले, ‘मरियम्मा पावली!’ मग खोपीच्या जागी दगडी चर्च उभं राहिलं आणि सप्टेंबरात जत्रा भरू लागली. तेलुगू, उर्दू, मराठी, सगळ्या बोलींची माणसं मातेला साडी नेसवायची, नारळ फोडायची आणि माझ्यातलं चिंचेचं आंबट वरण भुरके मारून जेवायची.

भामाबाई रांधायची. ढवळता ढवळता गायची:

‘मरियामाई माझी, माळावरची माउली
तापल्या वाटेला, गार चिंचेची साउली.’

इथला एक रिवाज होता. चूल पेटवण्याआधी रांधणारीनं माझ्या तळाशी वाकून तोंड पाहायचं. कल्हई धड असली की चेहरा दिसतो. ‘दिसला!’ अशी हाक आली की मगच जाळ. कल्हई उडालेल्या तांब्यात आंबट शिजवलं, तर त्याचं विष होतं ना!

एका जत्रेला भामाबाई वाकली. तळ लालभडक. कल्हई करून घ्यायचं तिनंच अंगावर घेतलं होतं, आणि तीच विसरली होती. बाहेर रांग लागलेली. ती क्षणभर थबकली, मग ओरडली, ‘‘दिसला!’’

मला जीभ असती तर मी किंचाळले असते.

दुपारी माणसं ओकू लागली. कुणी दगावलं नाही, पण बोट कुणाकडे तरी जायचंच. चिंच आणली होती भामाबाईच्या धाकट्या जावेनं, त्रिवेणीनं. दर साली नवसाची चिंच तीच आणायची.

‘‘नवसच खोटा हिचा,’’ बायका म्हणाल्या. ‘‘मरियम्मानं घास परत केला बघा!’’

त्रिवेणीनं जावेकडे पाहिलं. भामाबाईनं पदर तोंडाशी धरला आणि पाठ फिरवली. त्यानंतर त्रिवेणी इथं फिरकली नाही.

अपशकुनी म्हणून मला गोठ्यामागे उपडी टाकली. माझ्यावर कोंबड्या बसायच्या, आणि आत मी जळत राहायचे. विष माझ्याच पोटातून गेलं होतं. निरपराध बाईचं नाव बदनाम झालं तेही माझ्यापायीच. भामाबाई दर जत्रेला यायची, पण गायची नाही. मित्रांनो, भांडी वापरा, पण त्यांच्या तळाकडे बघत जा. आणि तळ लाल दिसला तर तेव्हाच सांगा. मागाहून जीभ फार जड होते.

यंदा नव्या फादरांनी मला बाहेर काढून कल्हई करवली. जत्रेच्या सकाळी हैदराबादेतल्या नारायणगुड्याहून एक स्कूटी आली. त्रिवेणीची सून रोशनी सासूला घेऊन आली होती. त्रिवेणी फाटकाशीच थांबली.

‘‘अहो आई, लाइट लो ना, सोडून द्या! पुरानी बात झाली.’’

‘‘तुला काय कळतंय गं? मरियम्माला माझी चिंच नको, मी कशाला हवी? दर्शन घे नि चल.’’

‘‘इतक्या लांबून फाटक बघायला आलो का? मोठ्या आई, तुम्ही तरी सांगा यांना!’’ रोशनीनं फाटकातूनच भामाबाईला हाक मारली.

भामाबाईचा हात माझ्या काठावर होता. चुलीपाशी बायका ‘दिसला!’ या हाकेसाठी खोळंबल्या होत्या, पण ती उठली. गुडघे धरत धरत फाटकापर्यंत गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

‘‘त्रिवेणे, चिंच चांगलीच होती तुझी. देगीची कल्हई उडालेली मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी मीच चूल पेटवायला सांगितली गं.’’