स्वतः केले

“आवं म्याडम, बटनं तर हीच लावती की!” बनाबाईंनी सुनेकडं बोट दाखवलं. “पोरगी नुसती उभी ऱ्हाती हात सोडून. देवाला नेसवत्यात तसं चालतंय समदं.”

अपेक्षाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. सासूबाईंना, आत्यांना, आज बरोबर आणायलाच नको होतं.

टेबलावर अंकिता मॅडमपुढं राहीची वही उघडी होती. तीन महिन्यांपूर्वी साताऱ्यातल्या या दवाखान्याच्या पाटीवर ‘ऑक्युपेशनल थेरपी’ वाचून अपेक्षा गोंधळली होती. पाच वर्षांच्या पोरीला कसला आलाय कामधंदा? मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, “जेवणं, कपडे घालणं, खेळणं, पेन्सिल धरणं, हीच लेकरांची कामं. ती जमत नसतील तर का जमत नाहीत, ते आम्ही बघतो.”

राहीच्या बोटांत जोर कमी होता. घास तोंडापाशी जाईपर्यंत सांडायचा, बटण काजातून निसटायचं. दोनदा निसटलं की ती हात मागं घेऊन उभी राहायची. मॅडमनी व्यायाम दिले, वही दिली. रोजची कामं आणि पुढं तीन रकाने: स्वतः केले, मदतीने केले, जमले नाही.

अपेक्षा बी.कॉम. झालेली, तीही पहिल्या वर्गात. सगळ्या खुणा पहिल्या रकान्यात होत्या. वडूजला घरी सकाळी शाळेची गाडी दारात हॉर्न वाजवायची, राही बटणाशी झटत असायची आणि अपेक्षाचे हात आपोआप पुढं जायचे. उद्या करेलच की, म्हणून ती खूण करून टाकायची. त्यात शाळेच्या बाईंनी सांगितलेलं, पहिलीत बसवायचं की नाही ते डॉक्टरांचा कागद बघून ठरवू. आणि या पोरीचे हात कधी चालायचेच नाहीत, असं त्या कागदावर आलं तर?

“मॅडम, खोटं लिहिलंय मी,” ती खालमानेनं म्हणाली. “सगळं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “बरं झालं बोललात. घरी रोज जमतं आणि इथं एकदाही कसं जमत नाही, हेच कळत नव्हतं मला. आज अजून अवघड व्यायाम देणार होते. अहो, ही वही तुम्हाला मार्क द्यायला नाही. जमलं नाही हे लिहिलंत, तरच कुठून सुरुवात करायची ते मला कळतं.”

“मला तर कुणी इचारतच न्हाई,” बनाबाई पुटपुटल्या.

“विचारते की आजी. कुणी न सांगता काय करते राही?”

बनाबाईंनी सुनेकडं चोरून बघितलं. “सांगितलं तर ही रागवंल.”

“काय, आत्या?”

“तू दुपारची कामाव जातीस न्हवं? तवा कोकराला बांधती.”

गोठ्यात जायला राहीला बंदी होती. लेंड्या, गोचिडं, नखांतली घाण. अपेक्षानं कडीच घालून ठेवली होती.

“दावं खुट्याला गुंडाळती, खालनं काढती, आवळती,” बनाबाई आता हातवारे करून सांगू लागल्या. “पयल्यांदा लय निसटायचं. कोकरू म्होरं, ही त्याच्या मागं, मी हिच्या मागं! आता न्हाई सुटत.”

मॅडमनी कपाटातून सुती दोरी काढून राहीच्या हातात दिली आणि एक लहान खुर्ची पुढं सरकवली. “हे कोकरू बांधशील? पळून जाईल हां.”

राहीनं खुर्ची निरखली. “ह्याला कान न्हाईत.”

“नवीन आहे.”

राही उकिडवी बसली. जिभेचं टोक बाहेर. दोरी खुर्चीच्या पायाभोवती फिरली, निसटली. अपेक्षाचा हात पुढं झाला. बनाबाईंनी तो वरच्यावर धरला. दोरी पुन्हा फिरली, खालून बाहेर आली. राहीनं दोन्ही हातांनी ओढून आवळली. मॅडमनी खुर्ची खेचून बघितली. गाठ बसली होती.

अपेक्षाला एकदम हसू आलं, आणि हसता हसता पदर डोळ्यांशी न्यावा लागला. कितीतरी दिवसांत तिला असा पोटभर श्वास घेता आला नव्हता.

“दोरी जाड, बटण बारीक. वेळ लागणार,” मॅडम कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या. “बटण अर्धं काजात तुम्ही घाला, शेवटचं ओढणं तिचं. ते जमलं की हळूहळू तुमचा वाटा कमी करा. सकाळच्या घाईत नको, संध्याकाळी निवांत. शाळेला लिहून देते, पहिलीत बसवा आणि हिला जरा जास्त वेळ द्या.”

“आणि कोकरू?” अपेक्षानं विचारलं.

“हात धुऊन घ्या म्हणजे झालं.”

“मी तर कवाधरनं म्हणतीया,” बनाबाई म्हणाल्या. त्या असं कधीच म्हणाल्या नव्हत्या.

बाहेर पायरीपाशी चपला काढलेल्या होत्या. रस्त्यावर रिक्षावाला ओरडला, “चला ताई, लवकर!” अपेक्षा सवयीनं राहीच्या सँडलकडं वाकली, तशीच थांबली आणि पायरीवर तिच्याशेजारी टेकली. स्वतःचे हात तिनं मांडीखाली घातले.

“दम खा की रं बाबा,” बनाबाईंनी रिक्षावाल्याला दटावलं. “पोरगी सँडल घालतीया.”

राहीनं एक पट्टी दाबली. मग दुसरी. उठून पाय आपटून बघितला आणि ती रिक्षाकडं चालू लागली.

डावा सँडल उजव्या पायात होता, उजवा डाव्यात. अपेक्षानं ते बघितलं. ती पिशवी उचलून लेकीच्या मागं निघाली.