आठ नंबरचा चिमटा

शेडच्या भिंतीवरच्या चार रिकाम्या भोकांवर प्लंबरने एकेक करून बोट ठेवलं आणि मागे वळून विचारलं,

“फळी कुठंय?”

“काढली,” रिमोटवरची हेलिकॉप्टरं उडवणाऱ्या क्लबचा सेक्रेटरी म्हणाला. धंद्याने चष्मेवाला, पण मैदानावर रुबाब विमानतळाच्या साहेबाचा. “तुझ्या एकट्यासाठी किती दिवस ठेवायची?”

त्या फळीवर चॅनेलचे नंबर घातलेले कपड्यांचे चिमटे असत. जुने रिमोट ठरलेल्या चॅनेलवरच चालत. एकाच चॅनेलवर दोन रिमोट सुरू झाले, की हवेतलं हेलिकॉप्टर कुणाचंच ऐकत नसे. म्हणून त्या चॅनेलचा चिमटा ज्याच्या खिशात, त्यानेच रिमोट सुरू करायचा. नव्या रिमोटना ही भानगडच नव्हती. गेली सहा वर्षं फळीवरून फक्त आठ नंबरचा चिमटा हलत होता, तोही प्लंबरच्याच हाताने.

“नवं घे रे बाबा,” चष्मेवाला म्हणाला. “एक बटण दाबलं की उलटं झालेलं हेलिकॉप्टर आपोआप सरळ होतं. मी माझं जुनं कधीच भंगारात दिलं.”

“ते स्वतःच स्वतःला सांभाळणार असेल, तर मी इथं काय करू? टाळ्या वाजवू?”

दोघे-तिघे फिदीफिदी हसले. प्लंबरच्या डोक्यात तिडीक गेली. तो हेलिकॉप्टर उचलून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला.

त्याच्या हेलिकॉप्टरची लाकडी पाती आता कुठे बनत नव्हती. दोन वर्षं त्याने दुकानं पालथी घातली होती, अनोळखी माणसांना पत्रं लिहिली होती. बसवलेली ही शेवटची जोडी. ती मोडली की सगळं संपलं. म्हणून हल्ली तो हेलिकॉप्टर डोक्याच्या वर फारसं नेतच नसे, आणि असं जीव मुठीत धरून उडवण्यात काय राम, असं म्हणत स्वतःवरच चिडत असे.

आज मात्र रागाच्या भरात त्याने ते झाडांच्याही वर नेलं. तिथे ते थरथरत, पण एका जागी उभं राहिलं. ते त्याच्या बोटांनी उभं होतं. त्याला बरं वाटलं.

आणि एकदम ते कलंडलं. त्याने रिमोटवरची काठी उजवीकडे दाबली, ते डावीकडे गेलं. मग सरळ खाली आलं. पात्यांचे तुकडे गवतात उडाले.

“आठवर कोण आहे?” तो ओरडला. “कोण आहे आठवर?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. चष्मेवाला त्यांच्यात नव्हता. तो स्वतःच्या गाडीमागून बाहेर आला. हातात जुना रिमोट होता आणि त्याची लांबलचक एरियल मिटायची राहून गेली होती.

“मला वाटलं, तू चिडून घरी गेलास,” तो पुटपुटला.

प्लंबर तरातरा गाडीपाशी गेला. डिकीत टॉवेलवर हेलिकॉप्टर होतं. अगदी त्याच्यासारखंच, लख्ख पुसलेलं.

“भंगारात दिलं म्हणालास!”

“सगळ्यांना नवं घ्या म्हणून सांगतो ना मी. हे कोणत्या तोंडाने आणू? सगळे गेले की उडवतो थोडं. आत्ता नुसतं चालू करून बघत होतो.”

टॉवेलशेजारी लाकडी पात्यांची तीन पाकिटं होती, न फोडलेली.

“दोन वर्षं शोधतोय मी,” प्लंबर म्हणाला. “तुझ्या दुकानात बसून पत्रं लिहिली. पत्ते तू वाचून दाखवलेस.”

चष्मेवाल्याने एक पाकीट पुढे केलं.

प्लंबरने ते घेतलं नाही. डिकीतलं हेलिकॉप्टर दोन्ही हातांनी अलगद उचलून त्याने मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवलं. सगळी मंडळी तिथे जमू लागली.

“इथं?” चष्मेवाला मागून म्हणाला. “यांच्यासमोर?”

“आधी उडव. पाती मग घेतो.”