हौसाबाईंचा हयातीचा दाखला

साहेबराव संक्रांतीनंतर गेले, पण त्यांचा फोन काही थांबला नाही. साधा बटणांचा फोन. त्यांची मुलगी आम्रपाली तो न चुकता चार्ज करायची आणि सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला जाताना स्वतःच्या फोनशेजारी पर्समध्ये ठेवायची. नंबर बंद करून टाक, असं सगळे सांगत होते. तिलाही पटत होतं. पण तो वाजला की उचलल्याशिवाय तिला राहवत नसे.

साहेबराव मूळचे परभणीकडचे. तरुणपणी पिंपरीत येऊन फिटर म्हणून लागले आणि नोकरीची शेवटची वर्षं चाकणच्या एका कारखान्यात काढली. निवृत्त झाल्यावर माणसं वेळ जात नाही म्हणून कुरकुरतात. साहेबरावांनी लोकांची सरकारी कामं अंगावर घेतली. म्हणजे काय, तर कुठलं काम कुठल्या कचेरीत, कुठल्या मजल्यावर, कोणाकडे होतं ते माहीत करून घ्यायचं आणि विचारेल त्याला सांगायचं. पैसे घेत नसत, चहा घेत. “कचेरीत ‘होईल का’ असं विचारायचंच नाही,” ते लेकीला सांगायचे. “‘कुठल्या टेबलावर होईल’ असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला नाही म्हणता येतं. दुसऱ्याला बोट दाखवावंच लागतं.” आणि वर हसून म्हणायचे, “तुझ्या पुस्तकांना नंबर, माझ्या खिडक्यांना नंबर. धंदा एकच आहे आपला.”

आता लोकांचे फोन तिला येत होते. रावेतहून एक गृहस्थ बोलले, “काका, मिळकतकराच्या बिलावर बायकोचं नाव लावायचंय.”

“बाबा गेले,” आम्रपालीनं सांगितलं.

“अरे अरे! कधी? काय झालं होतं?” तिनं सांगितलं. ते हळहळले, दोन वाक्यं चांगली बोलले, मग थोडा वेळ नुसताच श्वास ऐकू आला. “ताई, राग मानू नका, पण ते नावाचं आता कुणाला विचारू?”

बाबा गेल्यापासून त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली. जेवणाच्या सुट्टीत तिनं चौकशी केली, कागद कोणते लागतात ते लिहून घेतलं आणि त्या गृहस्थांना फोन केला. मग तशीच सवय लागली. कुणाला नातवाचा जन्मदाखला हवा असायचा, कुणाला पाण्याच्या जोडणीचा अर्ज. माहिती काढायला तिला काही वाटत नसे. जड जायचं ते त्याआधीचं. प्रत्येकाला नव्यानं सांगायचं, बाबा गेले. दोनच शब्द, पण दर वेळी ओढून काढावे लागत.

फक्त एका माणसाला तिनं ते सांगितलं नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला फोन आला तो थेट ओरडतच. “साहेबा, मार्च लागला की रं! माझ्या अंगठ्याचं कवा करायचं?”

“आजी, मी त्यांची मुलगी बोलतेय.”

“आंब्रपाली व्हय? पुस्तकांवाली? तुझं लई सांगतो त्यो. म्हनतो, माझ्या पोरीला कुणी फसवू शकत न्हाई, समदं वाचल्याबिगर सही करत न्हाई ती.”

आम्रपाली दोन कपाटांच्या मधे उभी होती, तिथंच उभी राहिली. बाबांनी हे तिला कधीच म्हटलं नव्हतं. आणि गेले कित्येक दिवस त्यांचं नाव निघालं की लोक आवाज खाली आणत. ही बाई मात्र गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती, जणू साहेबराव कोपऱ्यावर पान आणायला गेलेत.

“घरात न्हाई का त्यो?”

“नाहीत,” आम्रपाली म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

म्हातारीचं नाव हौसाबाई. चाकणच्या अलीकडच्या गावातली. पूर्वी ती कारखान्याच्या गेटबाहेर पिठलं-भाकरी विकायची. दुसऱ्या शिफ्टला साहेबराव तिच्याकडे जेवायचे, तिला मावशी म्हणायचे. नवरा नाही, मूल नाही. तिला सरकारचं निराधारांचं अनुदान होतं, आणि ते चालू राहायचं तर दर वर्षी मार्चअखेरीच्या आत खेडच्या तहसील कचेरीत जाऊन आपण हयात आहोत, असं दाखवावं लागे. दर वर्षी साहेबराव तिला घेऊन जात.

दोन-चार दिवसांनी हौसाबाईंचा पुन्हा फोन आला. या वेळी तर आम्रपालीनंच विचारलं, “आजी, बाबा तुमच्याकडे आले की काय करतात?”

“काय करतो? फलक वाचतो! पंचायतीबाहेर कागद लागला की हा उभा ऱ्हानार आन समदा वाचनार. लगीनपत्रिका तर पार खालपातुर. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’, ते बी सोडत न्हाई. आन माझ्या कुत्रीला भितो. एवढा बाप्या, पर ती दारात दिसली की तिकडूनच हाका मारतो, मावशी, हिला धरा!”

आम्रपालीनं फोन कानाशी घट्ट धरला होता. बाबा कुत्र्याला भितात हे तिला आयुष्यात ठाऊक नव्हतं. आणखी एक दिवस, तिनं स्वतःला सांगितलं. पुढच्या फोनला सांगू.

पुढचा फोन आला तेव्हा म्हातारीचा आवाज उतरला होता. “पोरी, खरं सांग. रागावलाय ना त्यो माझ्यावर?”

“नाही हो आजी. का रागावतील?”

“गेल्या साली कचेरीत त्या भाऊसायबानं वय विचारलं. मी म्हनलं सत्तर. तर ह्यो मधीच म्हनतो, मावशी, पंच्याहत्तर तरी असशील. समदी रांग हसली. मंग मी बी तोंड सोडलं. म्हनलं, चोंबड्या, तुला कुनी इचारलं? माझ्या बारशाला आला व्हतास का? तवा हसला त्यो. पर मनाला लागलं असंल. न्हाईतर एवढे फोन केले, एकदा तरी बोलला असता.”

आता सांगायला हवं होतं. आम्रपालीनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून भलतंच निघालं. “सोमवारी मीच येते तुम्हाला न्यायला.”

सोमवारी रजा टाकून तिनं भोसरीहून बस धरली. चाकणच्या चौकात नव्याकोऱ्या गाड्या लादलेले ट्रेलर एकामागे एक अडकले होते. त्यांच्या सावलीत, डोक्यावरून पदर घेतलेली, काखेत पिशवी मारलेली एक ठेंगणी बाई उभी होती. खिडकीतून आम्रपालीनं हाक मारली, आणि बसमध्ये चढल्याबरोबर म्हातारीनं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. “नाक बापाचंच हाय,” ती म्हणाली, “पर त्यानं याला पायजे व्हतं.”

खेडपर्यंत हौसाबाई बोलत होत्या आणि आम्रपाली ऐकत होती. कंपनीच्या गेटवर वॉचमनशी साहेबरावांचं भांडण झालं ते, पावसात त्यांनी म्हातारीच्या पत्र्यावर प्लास्टिक अंथरलं ते. मधूनच हौसाबाई थबकत आणि बाहेर बघत. “त्याला म्हनावं, मावशी याद करत व्हती,” असं म्हणून पुन्हा सुरू करत. आम्रपालीला ऐकताना बरं वाटत होतं, आणि प्रत्येक थबकण्याला ते बरं वाटणं थोडं थोडं आंबत होतं.

कचेरीत तिनं पहिल्या भेटलेल्या शिपायाला विचारलं, “हयातीचा दाखला कुठल्या टेबलावर?” त्यानं बोट दाखवलं. रांग फार मोठी नव्हती. टेबलामागचे नवनाथ भाऊसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, “या हौसाबाई. आहात ना जिवंत?”

“न्हाई, भूत आलंय. घे लिहून.”

रांगेतले लोक हसले. भाऊसाहेबांनी कागद पुढं ओढला. “आणि साहेबराव कुठं? दर वर्षी ओळख पटवायला तेच सही करतात. त्यांच्याशिवाय ह्या टेबलाला मजा नाही.”

“रुसलाय,” आम्रपाली बोलायच्या आतच हौसाबाई म्हणाल्या. “म्हनून लेकीला धाडलीया.” त्यांनी अंगठा पुढं केला होता, तो मागं घेतला. “पोरी, फोन लाव त्याला.”

“आजी, आधी हे काम होऊ द्या.”

“न्हाई. मी त्याला ह्याच जागी, चार मान्सांत बोलले. तर माफी बी हितंच मागनार, समद्यांदेखत. लाव फोन. त्यो येतो म्हनल्याबिगर मी अंगठा देत न्हाई.”

मागचे लोक पाय बदलू लागले. ज्या फोनवर फोन लावायचा तो आम्रपालीच्या पर्समध्ये होता. बाबांच्या गोष्टी ऐकायला मिळाव्यात म्हणून आपण किती दिवस एका म्हाताऱ्या बाईला अपराधी वाटू दिलं, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. तिनं हौसाबाईंचा हात धरला. “भाऊसाहेब, दहा मिनिटांत आलो आम्ही.”

बाहेर व्हरांड्यात बाकावर तिनं त्यांना बसवलं आणि स्वतः समोर, पायरीवर बसली.

“आजी, बाबा रुसलेले नाहीत. ते गेले. संक्रांतीनंतर. झोपेतच गेले.”

हौसाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. मग पदर नाकाला लावला आणि बोलल्या, त्या रागानं. “आन मला न्हाई सांगितलं? मी माती द्यायला आले असते. शेवटचं तोंड बघितलं असतं. मी फोनवर कुत्रीच्या गोष्टी सांगत बसले, आन तू ऐकत बसलीस?”

“हो.”

“का गं?”

आम्रपालीनं मान वर केली. “तुम्ही बोलायला लागलात की बाबा नुसते बाहेर गेल्यासारखे वाटायचे,” ती म्हणाली. “सगळ्यांना सांगून झालं होतं. तुम्हीच तेवढ्या राहिला होतात. तुम्हाला सांगितलं की संपलंच असतं सगळं. माझं चुकलं, आजी.”

समोर झेरॉक्सच्या टपरीवर यंत्राचा उजेड पुढं-मागं सरकत होता. हौसाबाईंचा राग उतरत गेला तसा त्यांचा हातही उतरत उतरत आम्रपालीच्या डोक्यावर आला.

“आई हाय का तुला?”

“नाही. पाच वर्षं झाली.”

“मंग कडू घास कुनी घातला?”

मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, सोयऱ्याधायऱ्यांनी भाकरी करून आणायची आणि घरच्यांना बळंच घास भरवायचा, ही रीत आम्रपालीला माहीत होती. शेजारच्या सुमनताईंनी खिचडीचा डबा आणून ठेवला होता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक जेवून गेले होते. पण कुणी समोर बसून भरवलं होतं का, ते तिला आठवेना.

“डबा आला होता,” ती म्हणाली.

“डबा येतो गं. घास घालावा लागतो.” हौसाबाईंनी पिशवीतून फडकं काढलं. दुपारची स्वतःची भाकरी होती, वर लसणाची चटणी. त्यांनी तुकडा मोडला, चटणीला लावला आणि आम्रपालीच्या तोंडाशी धरला. “उशीर झाला. पर मला कळलं तवाच मी घालनार ना?”

जाणारे-येणारे बघत होते. आम्रपालीनं तोंड उघडलं. चटणी जाळ होती, त्यामुळे डोळ्यांतून पाणी आलं तर कुणाला काही सांगायची गरज पडली नाही. दुसरा घास, तिसरा घास. हौसाबाईंनी तिला मधे बोलू दिलं नाही. मग स्वतः एक तुकडा खाल्ला, फडकं बांधलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. “चल. त्यो भाऊसायब जेवायला उठंल.”

टेबलापाशी आता वेगळी माणसं उभी होती. भाऊसाहेबांनी त्यांना बघून कागद पुन्हा वर काढला. “लागला का फोन? येतायत का साहेबराव?”

आम्रपालीनं श्वास आत घेतला. ते दोन शब्द आता इथंही सांगायचे होते. पण हौसाबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला आणि एक पाऊल पुढं झाल्या.

“त्यो गेला, भाऊसायब,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, मागच्या भिंतीपर्यंत जाणारा. “संक्रांतीनंतर गेला. मी गेल्या साली ह्याच जागी त्याला चोंबडा म्हनले व्हते. समदी रांग हसली व्हती. तर आता समद्यांनी ऐका. माझं चुकलं. लई चांगला मानूस व्हता त्यो. आन मी पंच्याहत्तरच हाय.”

नवनाथ भाऊसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आम्रपालीकडे बघून हात जोडले. तिनंही जोडले. तिला काहीच सांगावं लागलं नव्हतं.

“ओळख पटवायला सही?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“ही हाय की,” हौसाबाई म्हणाल्या. “साहेबाची लेक. मला वळखती ती.”

भाऊसाहेबांनी कागद तिच्यापुढं सरकवला. आम्रपालीनं तो वरपासून खालपर्यंत सगळा वाचला. रांग थांबून राहिली. हौसाबाईंनी मागं वळून रांगेला सांगितलं, “वाचू द्या तिला, घाई करू नका.” मग आम्रपालीनं सही केली.