बैलावर उभी रुपी

माह्या रुपीचा डावा पाय लहानपणच्या तापानं वाळला. कोणी तिले लंगडी म्हटलं का मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, मंग तो तांड्याचा नाईक का असेना. पण तिचं लग्न ठरलं तवा माह्याच तोंडचं पाणी पळालं. आम्हा बंजाऱ्यांत पोरगी सासरी निघते ना, तवा बैलाच्या पाठीवर उभी राह्यते, दोन्ही हात वर करते आन् रडत रडत बापाच्या तांड्याले आशीर्वाद गाते. त्या गाण्याले हवेली म्हणतात. हात वर असल्यावर पोट्टीनं काठी धरावी कशानं?

तिचा बाप म्हणे, "बसून गाऊ दे." रुपी कडाडली, "बसून गेली तर सासरचे जन्मभर बसकी म्हणतीन. मी उभीच जाईन, नाही तर जातच नाही." जिभेनं ती माह्यावरच गेली होती.

दारव्ह्याच्या पोरींच्या शाळेत सत्यभामाबाई कवायत शिकवे. अमरावतीले राहून व्यायामाचं शिकून आलेली. आठवडी बाजारात रुपी काठी टेकत चालून राह्यली होती, तर ही बाई भाजीची थैली घेऊन आमच्या मागंच आली. म्हणे, "पाय वाळला, पण कंबर आन् पोट तर शाबूत आहे ना? त्यांच्याकडून काम घेऊ."

दर रविवारी तांड्यावर येऊ लागली. तिच्या घरच्यांनी नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेली, म्हणून एक-दोघींनी नाकं मुरडली. मी म्हटलं, "तुमच्या नाकावर माशी बसली का व?"

पह्यल्याच दिवशी बाई घोंगडी अंथरून म्हणे, "निजा दोघी."

"निजायले मास्तरीण कायले लागते, बाई? ते तर आमचे बैलबी करतात."

"निजता तुम्ही, जमनाबाई, पण पाठ जमिनीले टेकते का?"

हात घालून पाह्यला, तर माह्या कमरेखालून मांजर निंघून गेलं असतं. मंग तिनं शिकवलं. श्वास सोडता सोडता पोट आत ओढायचं, बेंबी पाठीले चिकटवायची, आन् गुडघा हळूच उचलायचा. काय सांगू बाप्पा! कापसाची गाठोडी डोक्यावर वाहणारी मी, आन् एक गुडघा उचलता उचलता घामानं न्हाली. घागऱ्यात पाय अडके, दंडावरच्या हस्तिदंती बलिया खडखड वाजत. रुपी अशी हसे, अशी हसे! पण तिची पाळी आली का पाय थरथरे, डोळे गच्च मिटून घे. सत्यभामाबाई तिच्या पोटावर हात ठेवून म्हणे, "भिऊ नको पोरी. जमिनीवरून कोणी पडत नसते."

निजून झालं, मंग बसून, मंग गुडघ्यावर. दिवाळी गेली, कापूस वेचून झाला, तवा कुठं भिंतीले न टेकता उभी राह्यली. मंग तिच्या बापानं रुंद पाठीचा, गरीब सोभावाचा बैल आणला आन् खाली कडबा पसरला. पोट्टी चढे आन् आपटे, चढे आन् आपटे. मी ओढणी तोंडात कोंबून पाहत बसे. आन् एक दिवस राह्यली! हात वर करून राह्यली! पण हवेली म्हणता म्हणता गळा भरून आला आन् धाडकन खाली.

सत्यभामाबाईनं तिले उठवलं. "रडली का श्वास तुटते, श्वास तुटला का पोट सुटते, आन् पोट सुटलं का पडली. गाणं म्हण, रडू नको."

"हवेली रडल्याबिना कशी म्हणतात, बाई?" मी विचारलं. बाई रुपीच्या अंगावरचा कडबा झटकू लागली.

रुपीच बोलली. "मी पाहून घेईन, याडी." आमच्या बोलीत आईले याडी म्हणतात.

निघायच्या दिवशी सारा तांडा लोटला. रुपी बैलावर चढली, हात वर केले, आन् गायली. काय आवाज, माय व! पाय हालला नाही, सूर हालला नाही, डोळ्यात टिपूस नाही. बाया कुजबुजल्या, "दगडाची हाय. मायसाठी एक आसू नाही." मी त्यांचं तोंड बंद केलं, पण खरं सांगते, मलेबी लागलं. पोरगी गळ्यात पडून रडते तवाच मायचं काळीज मोकळं होते. मी गर्दीतून वाट काढत गेली तवर तिले बैलावरून उतरवून गाडीत बसवलं होतं, आन् गाडी हाकलली. मागं वळून पाह्यलं तिनं, ओठ दाबून. घरी येऊन मी तिच्या घोंगडीवर निजली आन् ढसाढसा रडली.

पुढच्या साली तिचा सासरा धावजी वणीकडून निरोप घेऊन आला. बाळंतपण अडलं, लेकरू गेलं, रुपीले ताप हाय, लवकर चला.

आम्ही पोचलो तवा ती भुईवर घोंगडीत निजली होती. अंगाची नुसती काडी झाली होती. डोळे मात्र कोरडेच. मी जवळ बसली तशी हसली.

"याडी, माही पाठ टेकली का पाह्य."

कमरेखाली हात घालायले गेली, तर बोटबी शिरलं नाही. "टेकली व माय."

"म्हणजे मी जमिनीवर हावो ना?"

"हव."

"मंग आता पडत नाही," म्हणे, आन् माह्या गळ्यात हात टाकून रडू लागली. सालभराचं सारं रडली. मधी मधी हवेली गाये, सूर तुटे, पुन्हा गाये. मी म्हटलं, "रड माय, रड. पोट सुटू दे."

दुपार कलेपर्यंत रडली. मंग श्वास तुटला आन् गळ्यातले हात ढिले झाले. मी ते तसेच धरून ठेवले.