दोऱ्याने मोजलेली गाठ

पडद्याआडून दोरेबुवांची बहीण गाठ मोजलेला लाल दोरा घेऊन बाहेर आली आणि सगळ्यांच्या माना उंचावल्या. बुवांनी तो मागच्या खेपेच्या दोऱ्याशेजारी उंच धरला. चांगला पेरभर आखूड! टाळ्यांचा कडकडाट झाला, बायका डोळे पुसू लागल्या.

"गाठ म्हणजे काय?" बुवा माइकमध्ये कुजबुजले. "शरीरातली रुसलेली ऊर्जा! डॉक्टर तिला सुई टोचतात, मी तिची समजूत काढतो." मग त्यांनी बायोप्सीचा रिपोर्ट कपाळाला लावून, डोळे मिटून वाचला. डोळे उघडले असते तर तो उलटा धरलाय हे कळलं असतं, पण ऊर्जेला उलटं-सुलटं काय!

जिच्या छातीतली ही गाठ, ती शाळेत विज्ञान शिकवणारी बाई होती. नणंदेने बुवांचं नाव काढलं तेव्हा ती हसली होती. पण बुडत्याला काडीचा आधार. घरी रिपोर्ट वाचताना 'इन्व्हेजिव्ह' या शब्दापाशी तिची नजर अडली. शब्दकोशात 'घुसखोरी करणारा' असा अर्थ सापडला आणि पुढचं काही वाचायचा तिला धीरच झाला नाही. इथे मात्र गाठ खरोखरच हाताला लहान लागत होती. भीती वाटायला लागली की शिकलेलं माणूससुद्धा कुणाचंही बोट धरतं.

"वहिनी, आता कशाला ती कापाकापी?" बाहेर पडताना नणंद म्हणाली. "परवाचं ऑपरेशन रद्द करून टाक."

दुसऱ्या दिवशी बाई ते रद्द करायलाच हॉस्पिटलात गेली. सर्जन डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "करू रद्द. आधी एकदा सोनोग्राफीत बघू या," म्हणाल्या. पडद्यावर काळसर डाग उमटला. डॉक्टरांनी त्याच्या दोन टोकांवर खुणा केल्या आणि मापाचा आकडा तिला दाखवला. पहिल्या दिवशीचाच आकडा होता.

"अहो, पण हाताला लहान लागतेय!"

"लागणारच. बायोप्सीच्या सुईने आत रक्त साकळलं होतं. वर काळंनिळं पडलं होतं ना? मग हिरवट, मग पिवळं?"

"हो. बुवा म्हणाले, विष उतरतंय."

"साकळलेलं रक्त शरीर आपोआप शोषून घेतं. कुणी काही केलं नाही तरी. सूज उतरली, गाठ आहे तिथेच आहे. सुई टोचल्यावर आठवड्याच्या आत या, असं सांगतात ना तुमचे बुवा? माझ्या एका पेशंटलाही तेच सांगितलं होतं."

अगदी हीच बुवांची अट होती. सुईची जखम ताजी असेल तरच ऊर्जा बोलते म्हणे.

मग डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट एकेका ओळीवर बोट ठेवून वाचला. 'इन्व्हेजिव्ह' म्हणजे पेशी दुधाच्या नळीची भिंत ओलांडून बाहेर पडल्यात. सगळ्या अंगभर गेल्यात, असं नव्हे. ग्रेड दोन, म्हणजे वाढीचा वेग मध्यम. हॉर्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह वाचून बाई आणखीच पांढरी पडली.

"अहो, ही तर बरी बातमी. ही गाठ हॉर्मोनवर पोसते, म्हणजे गोळ्या देऊन आपण तिचं खाणं तोडू शकतो. बाईसाहेब, औषध आहे हो याला! फक्त वेळ दवडू नका."

वरच्या वॉर्डात एक शिवणकाम करणारी बाई होती. तिच्या परवानगीने डॉक्टरांनी दोघींची भेट घालून दिली. बुवांच्या सभागृहात 'पूर्ण बरी' म्हणून तिचा फोटो टांगलेला होता. "माझा दोरा नखाएवढा झाला होता," ती म्हणाली. "मी ऑपरेशनला गेलेच नाही." आता रोग तिच्या हाडांत पोचला होता आणि कूस बदलायलाही दोन नर्सची मदत लागत होती. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला तिथे बसवेना. रडू आलं ते तिने आवरलं नाही.

त्या संध्याकाळी ती नणंदेला घेऊन सभागृहात गेली आणि टाळ्या थांबताच उभी राहिली.

"बुवा, सुई न टोचलेली एखादी गाठ लहान करून दाखवा."

बुवा हसले. "ताई, शंका म्हणजेच गाठ!"

"असू दे. इथे अशी कुणी आहे का, गाठ आहे पण अजून बायोप्सी झाली नाही?"

मागच्या रांगेतून एक हात भीतभीत वर आला. "मी आहे. किती चकरा मारल्या, पण हे घेतच नाहीत. आधी सुई टोचून ये म्हणतात."

"का बरं?" बाई लोकांकडे वळली. "सुईने सूज येते आणि ती आपली आपण उतरते. उतरती सूज यांनी दोऱ्याने मोजली आणि आपण टाळ्या वाजवल्या. यांना डॉक्टरांची सुई हवी, फक्त डॉक्टर नकोत! तो फोटो बघा. ती बाई वॉर्डात मरणाच्या वेदना सोसतेय. माझं खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा."

"श्रद्धेचा अपमान आहे हा!" बुवा ओरडले. काही लोक बाईवरच खेकसले. खुर्च्या मात्र रिकाम्या होऊ लागल्या. नणंद मान खाली घालून रडत होती.

"वहिनी, मीच गं तुला आणलं."

"तू मायेने आणलंस. पण माया रोग ओळखत नाही, त्यासाठी तपासावंच लागतं. चमत्कार दिसला की एवढंच विचारायचं, हे केलं नसतं तर काय झालं असतं?"

मागच्या रांगेतली ती बाई दारापर्यंत आली. गाठीच्या जागी पदर घट्ट धरून होती.

"मग मी आता कुठे जाऊ?"

"उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे," बाई म्हणाली. "माझ्याबरोबरच चला."