आधी पाणी, मग कापड

मी एक काळी गाडी बोलतेय. लाम्पांग शहरातल्या एका गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली उभी आहे. आज सकाळी एक गिऱ्हाईक मला बघून गेलं, आणि माझ्या मालकानं त्याच्यासमोर स्वतःच्या मेलेल्या आईवर आळ घेतला. मला तोंड असतं तर तिथल्या तिथे बोलले असते. नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

कारखान्यात माझ्या अंगावर आधी फिकट पांढुरकं अस्तर चढलं, मग काळा रंग आणि त्यावर काचेसारखा लेप. लोकांना वाटतं, गाडीचं कातडं लोखंडाचं असतं. पण जी चमक बघून माणसं माना वळवतात, तिची जाडी एखाद्या कागदाएवढीच असते.

माझा मालक थावोन कपबशांच्या कारखान्यात मुकादम आहे. चाळिशी उलटली तरी लग्न केलं नाही, आईबरोबर राहायचा. आईचं नाव खामपान. मला घरी आणलं तेव्हा ती दारातच थबकली.

"काळी? अरे, तू गुरुवारचा. गुरुवारी जन्मलेल्याला काळं सोसत नाही."

"काळ्यासारखी चमक दुसऱ्या रंगाला नाही, आई. तू मध्ये पडू नकोस."

पुढच्याच जत्रेतून तिनं एक चिकटवायचा कागद आणला. त्यावर लिहिलं होतं, 'ही गाडी पांढरी आहे'. आमच्याकडे ग्रहांची समजूत घालायला असे कागद सर्रास लावतात. शेजारचे इन काका हसले, "मावशी, ग्रहांना वाचता येतं का?"

"तुला येतं ना? मग त्यांना येत असेलच की."

थावोननं कागद लावू दिला, पण मागच्या काचेवर. माझ्या रंगाला डिंक लागलेला त्याला खपला नसता. भिक्खूंनी मंत्रून पाणी शिंपडलं तेव्हाही हा कापड घेऊन मागे मागे फिरत होता. थेंब पडला की पुसत होता.

दर रविवारी माझी आंघोळ व्हायची. उन्हात कधीच नाही. दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. टपापासून सुरुवात करून खाली यायचं. मग गाड्यांसाठीच मिळणारा मऊ मातीचा गोळा फिरवून अडकलेली कचकच काढायची, पॉलिश घासायचं आणि शेवटी मेणाचा पातळ हात. कापड जमिनीवर पडलं तर ते बाद. काळ्या रंगावर काही लपत नाही. जरा चुकीचा हात फिरला की उन्हात कोळ्याचं जाळं दिसतं. गल्लीतल्या सगळ्यांना तो एकच धडा द्यायचा, "आधी पाणी, मग कापड. कोरडं पुसणारा माणूस गाडीचा वैरी."

"लग्न लावून टाक हिच्याशी," इन काका म्हणायचे. "सासू तर घरात आहेच."

हे छप्पर मुळात खामपानचं. इथे ती कलिंगडाच्या रसात कालवलेल्या भाताच्या चकत्या थापायची, अंगणात वाळवायची, तळून बाजारात विकायची. थावोन म्हणाला, "तुझ्या भातानं पाखरं येतात आणि माझ्या गाडीवर शिटतात." चुलीचं सामान मागच्या बोळात गेलं. तिथे ऊन नव्हतं. चकत्या ओल्या राहिल्या, त्यांना बुरशी आली. एक दिवस तिनं तो धंदाच सोडून दिला. तिच्या नेसायच्या जुन्या सुती लुंग्या धुऊन धुऊन लोण्यासारख्या झाल्या होत्या. त्या त्यानं न विचारता फाडल्या. माझ्या पॉलिशला तसं कापड दुकानात मिळत नाही. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग घाटात एक ट्रक आमच्या अंगावर आला. थोडक्यात वाचलो. घरी आल्यावर त्यानं आधी माझ्या कडा तपासल्या आणि मग आईला हकिगत सांगितली. त्या दिवसापासून ती काळजीनं दिवसातून दहादा माझ्याभोवती फिरायला लागली. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, म्हणून एक हात माझ्या अंगावरून फिरवत चालायची.

"हात नको लावूस!" तो घरातून ओरडायचा.

चैत्राच्या कडक उन्हात सोंगक्रान आलं, आमचं नवं वर्ष. त्या दिवसांत रस्त्यावर जो दिसेल त्याला भिजवतात आणि ओल्या पांढऱ्या मातीनं माखतात. थावोननं मला छपराखालीच ठेवलं आणि इन काकांच्या मोटारसायकलवरून देवळात गेला. घरात त्याची बहीण बुआलाय आली होती, फ्रे गावाहून. ओसरीवर चटई अंथरली होती. वाडग्यात सुगंधी पाणी, वर मोगऱ्याची फुलं. या दिवशी मुलं आईच्या हातांवर पाणी ओततात आणि ती आशीर्वाद देते. थोरल्यानं आधी ओतायचं, मग बाकीच्यांनी. सगळे थावोनची वाट बघत होते.

तेवढ्या वेळात खामपान पांढऱ्या मातीची वाटी घेऊन माझ्याकडे आली. दारांवर ठिपके दिले, बॉनेटवर अख्खा पंजा उमटवला. "आता तरी पांढरी हो," ती पुटपुटली. हात धुऊन परत चटईवर जाऊन बसली. माती उकाड्यात वाळून खडखडीत झाली.

थावोन आला. मला बघितलं.

"हे कुणी केलं?"

"मीच रे. त्या ट्रकपासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, पांढरा हात असला म्हणजे..."

त्यानं खांद्यावरचं कापड ओढलं आणि पंजावर घासायला लागला. कोरडंच. मातीची कचकच कापडाखाली सापडली. माझ्या अंगातून करकर आवाज निघाला.

"अरे थावोन, आधी पाणी!" इन काका ओरडले.

नळाची नळी पोरांनी रस्त्यावर नेली होती. तो ओसरीवर चढला, मोगऱ्याचं वाडगं उचललं आणि माझ्या बॉनेटवर उपडं केलं. खामपान दोन्ही हात पुढे धरून बसली होती. तिला वाटलं, तो तिच्यासाठीच वाडगं उचलतोय.

"हात काय पसरतेस? नासधूस करून वर आशीर्वाद देणार?"

तिनं हात मांडीवर पुसले. कोरडेच होते, तरी पुसले.

"दादा, अरे आई आहे ती!" बुआलाय म्हणाली.

"बघ ना हे! नखांनी ओरबाडलंय नुसतं."

तो हे पहिल्यांदा म्हणाला ते तेव्हा. रागाच्या भरात. पुढे त्याला तेच खरं वाटायला लागलं.

संध्याकाळच्या बसनं बुआलाय आईला घेऊन गेली. गाठोडं काखेत धरून खामपान माझ्यापाशी थांबली. हात उचलला, पण मला लावला नाही. "सावकाश ने गं त्याला," एवढंच म्हणाली.

ओरखडे पंजाच्याच आकारात उठले होते. थावोननं कुणाचं तरी पॉलिशचं यंत्र आणलं आणि त्या पाच बोटांमागे लागला. फोन वाजायचा. "दादा, आई विचारते कधी येतोस?"

"रंगाचं काम काढलंय. झालं की येतो."

पूर्ण पावसाळा त्याचं काम चाललं. बोटं गेली. लेप गेला. मग काळा रंगही गेला आणि आतलं पांढुरकं अस्तर उघडं पडलं. तो यंत्र हातात धरून उभाच राहिला.

थंडीत निरोप आला. फ्रेच्या देवळात मला पटांगणात उभं केलं होतं. मंडपाला भिंती नव्हत्या, सगळं दिसत होतं. चादरीखालून खामपानचा एक हात बाहेर काढून ठेवला होता. शेवटचा निरोप म्हणून येणारा प्रत्येक जण त्यावर पाणी ओतत होता. बुआलायनं भावाच्या हातात वाटी दिली.

"ओत. आज ती हात मागे घेणार नाही."

तो ओतत राहिला. मागच्या माणसानं खांद्याला हात लावला तेव्हा थांबला.

निघताना बुआलायनं माझा डाग बघितला आणि मग मागच्या काचेवरचा कागद. "खरा झाला की रे आईचा कागद," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

घरी आल्यावर उन्हं तिरपी झाली की तो बॉनेटवर वाकून काहीतरी शोधायचा. एखादं बोट तरी दिसेल म्हणून. स्वतःच्याच हातानं त्यानं सगळं घासून काढलं होतं. मग त्यानं मला धुणंही सोडलं आणि विकायला काढलं.

आज सकाळच्या गिऱ्हाइकानं विचारलं, "हे बॉनेटवर काय झालंय?"

"आई होती म्हातारी. दिसत नव्हतं तिला. नखांनी खरवडलं."

"म्हातारी माणसं म्हणजे..."

"हो ना," थावोन म्हणाला.

कुंपणापलीकडे इन काका अंगण झाडत होते. झाडू थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

सौदा ठरला. उद्या मी दुसऱ्या दारात जाईन. कधी एखादी काळी गाडी पुसायला घेतलीत तर आधी पाणी, मग कापड. आणि त्या वेळी घरात कुणी हात पुढे करून बसलं असेल तर पाणी आधी तिकडे.

खामपानचा तो पंजा माझ्या अंगावर टेकला होता, म्हणून मला ठाऊक आहे. आयुष्यभर गरम भात थापून तिच्या बोटांची टोकं बोथट झाली होती. खरवडायला तिला नखंच उरली नव्हती.