तीर्थावरचा भुसा

रेणापूरच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडपुढं, एप्रिलच्या उन्हातही जत्रा भरली होती. शीतलबाबांच्या कुंडात अर्धा तास बसून बाहेर आलेली शिवकांता चुन्याच्या रेघेवरून वीस पावलं चालली. कुणी धरलं नव्हतं. गर्दीनं हात जोडले. बाबा माइकवरून सांगत होते, “हिमालयाची शक्ती ओढून आणलीय आम्ही. डॉक्टरांनी जिथं हात टेकले, तिथं आम्ही नुसतं बोट टेकलं.”

मंजुश्री गर्दीच्या मागं उभी होती. लातुरात ती फिजिओथेरपिस्ट, सुट्टी एका रविवारची. असले बाबा तिनं इतके पाहिले होते की आता रागही येत नसे, नुसता शीण येई. पण मुरुडची शिवकांता तिची पेशंट होती. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात वायरचं रबर सोलून निघावं तसं नसांचं वेष्टण झिजतं. शिवकांताचा तोल त्यानंच जाई. आणि बाबांच्या सांगण्यावरून तिनं दोन महिने औषध बंद ठेवलं होतं. पुढच्या झटक्यात पाय कायमचे जाऊ शकत होते. हे तिच्या नवऱ्याला, मलप्पाला, सांगून सांगून मंजुश्रीचा घसा बसला होता.

“मॅडम, तुमचा इलाज काय तर डोळे मिटा अन् मनात चाला,” मलप्पा म्हणाला. “खुर्चीत बसून कुणी चालतं का? हितं डोळ्यांनी दिसायलंय.”

त्याचं तरी काय चुकलं? तिचा उपाय ऐकायला बुवाबाजीसारखाच वाटे. रोज पंधरा मिनिटं मनातल्या मनात चालायचं. टाच टेकली, भार आला, दुसरा पाय उचलला, सगळं जाणवून घ्यायचं. त्यानं तोल थोडा सुधारतो, हे रुग्णांवर तपासून पाहिलेलं होतं. पण ‘थोडा’ म्हटल्यावर गर्दी जमत नाही.

ती कुंडाकडे गेली. तीर्थावर लाकडाचा भुसा तरंगत होता. तिनं पाण्यात बोट बुडवलं, ते बधिर झालं. मग तिनं समोरच्या रसवंतीकडे पाहिलं. तिथली बर्फाची लादीही भुशातच ठेवलेली होती.

“महाराज, शक्ती मंत्रात की पाण्यात?” तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

“मंत्रात. पाणी निमित्त.”

“मग आता नुसता मंत्र म्हणा.”

लोक बघत होते, नाही म्हणायची सोय नव्हती. शिवकांता एव्हाना तासभर उन्हात बसलेली. बाबांनी मंत्र म्हटला, ती उठली आणि तिसऱ्याच पावलाला कलली. मलप्पानं धरली म्हणून वाचली.

“श्रद्धा कमी पडली,” बाबा म्हणाले.

“मघा पुरली की वो,” पुढं बसलेली केवळाबाई नावाची म्हातारी म्हणाली.

मंजुश्रीनं रसवंतीतून बर्फ मागून आणला, टॉवेलात गुंडाळला आणि वीस मिनिटं शिवकांताच्या मानेला, पाठीला लावून धरला. मंत्र नाही, माइक नाही. शिवकांता उठली आणि रेघेच्या टोकापर्यंत गेली.

केवळाबाईनं लगेच हात जोडले. “बाई, तुमच्या अंगात देवी हाय.”

मंजुश्री तिच्यापुढं खाली बसली. “आजी, हात खाली करा. बर्फ आहे तो. या आजारात अंग तापलं की नसांमधून निरोप नीट जात नाही, गार झालं की जातो. तासाभरात ही पुन्हा लटपटेल. आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नका, घरी ओला टॉवेल लावून बघा. जो तपासू देत नाही त्याच्या पाया पडू नका, एवढंच.”

बाबा तोवर प्रकृतीच्या कारणानं आत गेले होते.

“बर्फ तर वितळतो,” शिवकांता म्हणाली. “मग माझ्या वाट्याला काय?”

“औषध. आणि ते मनातलं चालणं. थोडं सावराल. बरं करते असं मी म्हणणार नाही.”

“थोडं तर थोडं,” शिवकांता म्हणाली. मलप्पानं औषधाची चिठ्ठी मागून घेतली.

मुरुडला जाताना जीपमध्ये शिवकांतानं डोळे मिटले, हात गुडघ्यांवर ठेवले. ड्रायव्हरनं गाणं मोठं केलं. मलप्पानं हात लांब करून ते बंद केलं.

“गप राहा जरा,” तो म्हणाला. “ती चालायलीय.”